झोपेत हसणारं, दचकणारं लेकरू: स्वप्न पडतं का, आणि उठवावं का?

परभणी जिल्ह्यातल्या एका तरुण बापाने विचारलंय. मुलगी अडीच महिन्यांची. बायको नुकतीच माहेराहून तिला घेऊन आली आहे. मुलगी झोपेत हसते, लगेच ओठ काढते, हुंदका देते, मुठी आवळते, पाय झाडते. मिटलेल्या पापण्यांखाली डोळे इकडून तिकडे फिरताना दिसतात. आजी म्हणतात, "सटवाई खेळवायलीय, हात लावू नका." शेजारच्या काकू म्हणतात, दृष्ट लागली. बायको प्रत्येक हुंदक्याला तिला उचलून घेते, मग मुलगी टक्क जागी होते आणि पुढचा तासभर घरात कुणी झोपत नाही. एवढ्या लहान जिवाला स्वप्नं पडतात का, आणि वाईट स्वप्न पडत असेल तर उठवावं का, हे त्यांचे दोन प्रश्न. तिसरा त्यांनी शेवटी, जरा आडूनच लिहिलाय: "मोंढ्यातून मी वैतागून येतो, घरात आवाज चढतो. ते तिच्या झोपेत जातं का?"

मी लातूर भागात बरीच वर्षं लेकरांची डॉक्टर आहे आणि दोन मुलांची आई आहे. पहिले दोन प्रश्न ओपीडीत नेहमीचे. तिसरा बाप लोक सहसा विचारत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे सांगायला हवं की तुमच्या मुलीला मी तपासलेलं नाही. दिवस भरून झाली की आधीच झाली, जन्मल्याबरोबर रडली का, काचेत ठेवावं लागलं का, वजन वाढतंय का, यावर माझं उत्तर बदलेल. पुढचं सगळं दिवस भरून जन्मलेल्या, नीट दूध पिणाऱ्या आणि जागेपणी तरतरीत असणाऱ्या बाळाला धरून लिहिते. तुमच्या वर्णनावरून ती तशीच वाटते.

तुम्ही स्वप्नाबद्दल विचारलंय, पण घरातली खरी अडचण मला दुसरी दिसते. मुलगी झोपेत आवाज करते, हलते, आणि घरातली माणसं ती उठली असं धरून चालतात. 'लेकरू रात्री झोपतच नाही' म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बाळांची हीच कथा असते. बाळ झोपलेलं असतं, उठवणारे आपणच असतो.

बाळाच्या झोपेचे दोन प्रकार आहेत. एक शांत झोप: चेहरा निवांत, श्वास एका लयीत, हात वर उचलून सोडला तर धपकन खाली पडतो. दुसरी हलती झोप. मोठेपणी हिलाच रेम झोप म्हणतात. हिच्यात डोळे पापण्यांखाली पळतात. श्वास घटकेत भरभर, घटकेत संथ. चेहऱ्यावर हसू, मग रडू, कपाळाला आठी, ओठांची चोखल्यासारखी हालचाल, मध्येच कण्हणं, एखादी किंचाळीसुद्धा. कधी डोळे अर्धवट उघडेही राहतात आणि तिथे आई हमखास फसते. तुम्ही जे जे लिहिलंय ते सगळं या झोपेचं वर्णन आहे.

मोठ्या माणसाच्या झोपेत या झोपेचा वाटा पाचवा-चौथा हिस्सा असतो, नवजात बाळात जवळजवळ निम्मा. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास झोपतं, म्हणजे सात-आठ तास तर त्याचे हसण्या-दचकण्यातच जाणार. आपण आधी गाढ झोपेत उतरतो आणि साधारण दीड तासाने रेममध्ये येतो. नवजात बाळ थेट हलत्या झोपेतूनच आत शिरतं, आणि त्याचं चक्र ५०-६० मिनिटांत पुरं होतं. तीनेक महिन्यांच्या आसपास हा क्रम मोठ्यांसारखा होऊ लागतो, तुमची मुलगी त्या उंबरठ्यावर आहे. मांडीवर झोपलेलं बाळ गादीवर ठेवलं की डोळे उघडतं, ही सगळ्या आयांची तक्रार याच कारणाने. आपण त्याला हलत्या झोपेत असतानाच खाली ठेवतो. दहा-वीस मिनिटं कळ काढून, हात सैल पडल्यावर ठेवून बघा.

आता स्वप्न. रेम झोपेचा माग लागला तोच मुळी बाळांच्या पापण्या न्याहाळताना. शिकागो विद्यापीठात नथानिएल क्लाइटमन यांनी युजीन असेरिन्स्की या विद्यार्थ्याला झोपलेल्या बाळांच्या डोळ्यांवर नजर ठेवायला बसवलं होतं. पुढे असेरिन्स्कीने स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला तारा लावून रात्रभर नोंदी घेतल्या. १९५३ मध्ये त्या दोघांचा शोधनिबंध आला. मोठ्या माणसाला डोळे फिरत असताना उठवलं तर तो बहुतेक वेळा स्वप्न सांगतो, हेही त्याच काळात दिसलं. तेव्हापासून 'डोळे फिरतायत म्हणजे स्वप्न चालू आहे' ही समजूत पसरली. मोबाइलवर तुम्हीही तेच वाचलेलं असणार.

मला ती समजूत बाळांना लागू पडते असं वाटत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळांच्या झोपेत तर या हलत्या झोपेचा वाटा आणखी मोठा असतो. ज्याने धड उजेड पाहिला नाही, आईचं तोंड पाहिलं नाही, त्याचेही डोळे तसेच पळतात. तो काय बघत असेल? १९६६ मध्ये हॉवर्ड रॉफवर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की बाहेरून फारसं काही येत नसताना मेंदू या झोपेत स्वतःच स्वतःला चालना देतो, आणि त्यातून त्याची घडण होते. अलीकडे आयोवा विद्यापीठात मार्क ब्लमबर्ग यांच्या गटाने उंदरांच्या पिल्लांवर बरंच काम केलंय. झोपेत पाय हिसकला की पिल्लाच्या मेंदूत त्या पायाच्या जागी नोंद उमटते. नव्या घरात फिटिंग झालं की वायरमन एकेक बटण दाबून कुठला दिवा लागतो ते बघत फिरतो, तसलंच हे काम. मुलीचा अंगठा हलला, भुवई उडाली, ओठ फाकले, तर माझ्या दृष्टीने ते कामच चाललेलं आहे. हसू आणि रडू ही दोन बटणंही त्यातलीच. त्यांच्यामागे आनंद आणि दुःख असलंच पाहिजे असं नाही.

दुसरं कारण मोठ्या मुलांकडून मिळतं. डेव्हिड फोक्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मुलांना प्रयोगशाळेत झोपवून, रात्री रेममधून उठवून विचारलं, काय दिसत होतं? तीन ते पाच वर्षांची मुलं पाचातून चार वेळा तरी काहीच सांगत नसत. सांगितलं तर एखादं थांबलेलं चित्र, बऱ्याचदा एखादं जनावर. त्यात काही घडत नसे, मूल स्वतः त्यात नसे, भीतीही क्वचितच. ज्यात गोष्ट चालते आणि आपण स्वतः वावरतो अशी स्वप्नं सात-आठ वर्षांच्या पुढे दिसू लागली. यावर वाद आहे. लहान मुलांना स्वप्न पडत असेल पण सांगता येत नसेल, असं काही अभ्यासक म्हणतात, आणि त्यात तथ्य असू शकतं. तरीही मला फोक्स यांचं म्हणणं पटतं, कारण स्वप्नाला आधी माल लागतो. ओळखीचे चेहरे, जागा, 'मी' आणि 'दुसरा' असा भेद, कालची आठवण. जन्मापासून न दिसणाऱ्या माणसांच्या स्वप्नांत आवाज, स्पर्श, वास भरपूर असतात, चित्रं बहुधा नसतात. म्हणजे चित्रसुद्धा आधी डोळ्यांनी कमवावं लागतं.

मग अडीच महिन्यांच्या मुलीकडे कोणता माल आहे? आईच्या अंगाचा आणि दुधाचा वास. आईचा आवाज, जो ती पोटात असल्यापासून ऐकते आहे. डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० मध्ये दाखवलं होतं की दोन-तीन दिवसांची बाळंही परक्या बाईपेक्षा आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून आपलं चोखणं बदलतात. शिवाय ऊब, पोट भरल्याचं सुख, भूक, ओलं दुपटं. झोपेत काही उमटत असलंच तर यातलं काहीतरी, तेही पुसट. पाठीमागे लागलेला कुत्रा, हरवलेली वाट, हे तिच्याजवळ अजून नाहीच. भीतीच्या स्वप्नाला भीतीची ओळख आधी व्हावी लागते. बाळाला विचारण्याची सोय नाही, त्यामुळे छातीठोक 'नाही' कुणी म्हणू शकणार नाही. पण वाईट स्वप्नाच्या धास्तीने तिला उठवायचं कारण मला दिसत नाही.

इथे आई म्हणूनही थोडं सांगते. हे सगळं वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं असूनही माझी लेक झोपेत हसली की मी हातातलं काम टाकून बघत बसायचे आणि ते हसू माझ्यासाठीच आहे असं मला खुशाल वाटायचं. त्याला माझ्याकडे औषध नाही आणि मी ते कुणाला देणारही नाही. फक्त फरक ओळखा. झोपेतलं हसू जन्मापासून असतं. तुमच्या तोंडाकडे बघून, डोळ्यांत डोळे घालून येणारं हसू साधारण सहा ते आठ आठवड्यांनी सुरू होतं. हे दुसरं हसू खरोखर तुमच्यासाठी असतं, आणि ते दिसत असेल तर डॉक्टर म्हणून मी निम्मी निश्चिंत होते.

आजींच्या सटवाईबद्दल. पाचवीच्या रात्री पाट मांडून, कोरा कागद आणि लेखणी ठेवून पूजा आमच्याकडेही झाली होती. सटवाई येऊन लेकराच्या कपाळी लिहून जाते, आणि पुढे झोपेत तीच त्याला हसवते-रडवते, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही आजीला तोंडपाठ असतं. मी ओपीडीत यावर वाद घालत नाही. उलट आजींच्या वाक्याचा शेवटचा तुकडा बघा: "हात लावू नका." सगळ्या घरात बरोबर सल्ला त्यांनीच दिलाय. दृष्टीच्या बाबतीत मात्र मी एवढं सांगते की मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या तर ओवाळा, पण चुलीत टाकाल तो धूर बाळाच्या खोलीत येऊ देऊ नका.

आता तुमचा तिसरा प्रश्न. तुमचं भांडण तिच्या स्वप्नात येतं का, तर वर लिहिलं त्या अर्थाने नाही. सोयाबीनचा भाव आणि आडत्याचा हिशेब तिला कळत नाही. पण आवाज जातो का, तर हो, जातो. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठातला २०१३ चा एक अभ्यास आहे. ६ ते १२ महिन्यांच्या बाळांना झोपलेल्या अवस्थेत एमआरआयमध्ये ठेवून काही निरर्थक वाक्यं ऐकवली, कधी रागाच्या सुरात, कधी साध्या, कधी आनंदी. बाळं झोपेतही सूर ओळखत होती, आणि ज्या घरांत आई-बापांची भांडणं जास्त, त्या घरांतल्या बाळांच्या मेंदूचे ताणाशी संबंधित भाग रागाच्या सुराला जास्त प्रतिसाद देत होते. अभ्यासातली बाळं मोजकी होती, तुमच्या मुलीपेक्षा मोठी होती, त्यामुळे यावरून घाबरून जाऊ नका. पण 'झोपलीय, तिला काय कळतंय' या वाक्यावर मी भरवसा ठेवत नाही.

नुसता गोंगाट ही वेगळी बाब. बीड, केज, धारूर भागातली जोडपी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. त्यांची लेकरं फडाच्या कडेला झोळीत, ट्रॅक्टरच्या आवाजात झोपतात. रोजच्या आवाजाला बाळ सरावतं. घरात चवड्यांवर चालायची, मिक्सर बंद ठेवायची गरज नाही. तुम्ही वैतागून आलात तर हातपाय धुऊन दहा मिनिटं ओसरीत बसा आणि मग तिला घ्या, एवढंच मी सुचवेन. भांडण टळेल असं मी म्हणत नाही. बायकोलाही रात्रीची झोप मिळालेली नाही, तेव्हा आवाज चढणार. तिची झोप वाढली की घरातला आवाज कसा आपोआप उतरतो ते मी बऱ्याच घरांत पाहिलंय. म्हणून मुलीला सांभाळण्याची एक पाळी तुम्ही घ्या. रात्रीचं पाजून झालं की ढेकर काढणं, दुपटं बदलणं आणि पुन्हा निजवणं, एवढं तुमच्याकडे.

रात्री नेमकं काय करायचं? आवाज आला की उठा, बघा, पण हात लावू नका. डोळे मिटलेले किंवा अर्धवट, हुंदका येतो आणि जातो, असं असेल तर मनात शंभरपर्यंत मोजा. बहुतेक वेळा त्याआधीच ती पुढच्या झोपेत उतरते. नाही उतरली तर तळहात छातीवर अलगद ठेवा, न थोपटता, न बोलता. रडणं चढत गेलं, डोळे पूर्ण उघडले, तोंड दूध शोधू लागलं, तर ती खरोखर उठली आहे. मग उचला, पाजा, अजिबात थांबू नका. रडू द्यायची शिस्त वगैरे या वयात माझ्याकडे नाही. अडीच महिन्यांचं बाळ रात्री दोन-तीनदा दुधाला उठणारच.

दुसरी एक गोष्ट तुमच्या घरात आहे का बघा. बाळंतिणीची खोली आपल्याकडे दिवसा बंद असते. खिडकीला पडदा, वारं लागू नये म्हणून दार लोटलेलं, दुपारी बाराला आत संध्याकाळ. आणि रात्री, लेकरू घाबरेल म्हणून किंवा पाजताना दिसावं म्हणून, ट्यूबलाइट रात्रभर चालू. बाळाच्या अंगातलं दिवस-रात्रीचं घड्याळ दोन-तीन महिन्यांत बसतं आणि ते उजेडावर बसतं. आपण त्याला दिवसा रात्र आणि रात्री दिवस दाखवत असू तर ते तसंच बसणार. सकाळी खिडकी उघडा, तिला उजेडात घ्या, दिवसा पाजताना बोला, गाणी म्हणा. दिवेलागणीनंतर आवाज आणि उजेड कमी. रात्री पाजताना झीरोचा बल्ब पुरे, गप्पा नकोत. रात्रीच्या आईच्या दुधात मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक असतं, दिवसाच्या दुधात ते नसल्यासारखंच. म्हणजे दूध घड्याळ लावायला मदत करतंच आहे, खोलीने त्याच्या विरुद्ध जाऊ नये. पत्र्याची एकच खोली आणि त्यात सहा माणसं असतील तर हे सगळं जमणार नाही, मला माहीत आहे. तिथे सकाळचा उजेड तेवढा सांभाळला तरी फरक पडतो.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसले ते. घरात कुणी ना कुणी म्हणणार, "शांत झोपायचं कायतरी द्या." कुणी जायफळाचे वेढे वाढवतं, कुणी मेडिकलमधून सर्दीचं औषध आणतं कारण त्याने झोप लागते. पूर्वी याहून वाईट होतं. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया लेकरांना अफूची बाळगोळी देऊन जात. त्यांच्या नाइलाजाला मी नावं ठेवत नाही. पण बाळाची झोप हलकी असते ती त्याच्या फायद्याची असते. श्वासात अडथळा आला, तोंडावर पांघरूण आलं, भूक लागली, तर हलत्या झोपेतलं बाळ चटकन जागं होऊन रडू शकतं. ती जाग औषधाने मारली तर त्याची राखण गेली. जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगीत जातं, आणि सहाणेवर ते किती उतरलं हे कुणी मोजत नाही. प्रोमेथाझिन या औषधावर अमेरिकेने २००४ मध्येच दोन वर्षांखालच्या मुलांसाठी कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडेही क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखाली वापरू नये, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं, बाकी घुटीसकट काही नको, असं मी प्रत्येक आजीला सांगते. काही ऐकतात.

त्याच कारणाने बाळाला पाठीवरच निजवा. अमेरिकेत १९९२ पासून बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने हे सांगायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्यावर आलं. पालथं बाळ जास्त गाढ झोपतं, म्हणूनच ते नको. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवलेली मोहरीची उशी काढा. आईच्या कुशीत झोपणं आपल्याकडे चालतच आलंय, ते मी मोडायला सांगत नाही, पण गादी घट्ट असावी, जाड वाकळ बाळाच्या अंगावर नको आणि दारू प्यालेलं माणूस त्या अंथरुणात नको. झोळी दिवसा, नजरेसमोर चालेल, हनुवटी छातीला टेकत नाही ना एवढं बघा. शेगडीवर ओवा-शेपा टाकून दिलेली धुरी तिच्या फुप्फुसांना सोसत नाही. आणि एप्रिल-मेच्या बेचाळीस अंशांत टोपडं, कुंची, वर गोधडी घातलेली बाळं घामाने निथळत माझ्याकडे येतात, 'रात्रभर चुळबुळ करायलंय' म्हणून. मानेमागे हात घालून बघा. ओलसर, गरम लागलं तर एक कपडा कमी करा, स्वप्नाचा विचार नंतर.

आता, काळजी कधी करायची. झोपेतले हिसके झोपेतच येतात आणि बाळाला जागं केलं की त्याच क्षणी थांबतात, हा सगळ्यात भरवशाचा फरक. असे हिसके पहिल्या महिन्यात सुरू होतात आणि बहुतेकांत तीन ते सहा महिन्यांत जातात. फक्त ते थांबवायला हातपाय दाबून धरू नका, त्याने कधी कधी वाढतात. श्वास पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा सुरू होणं लहान बाळात चालतं. वीस सेकंदांवर थांबला, ओठ निळे पडले, बाळ ढिलं पडलं, तर १०८ ला फोन करा आणि निघा. जागेपणी झटके आले, डोळे एका बाजूला खिळले, उठवूनही झटका थांबला नाही, ताप आहे, दूध सोडलंय, तर रात्र काढत बसू नका.

एक प्रकार मात्र मुद्दाम सांगते, कारण तो दचकण्यासारखाच दिसतो आणि घरचे त्याला दचकणंच समजतात. साधारण तीन ते आठ महिन्यांच्या दरम्यान, बहुतेकदा झोपेतून उठल्याउठल्या, बाळ मान आणि कंबर पुढे वाकवतं, हात पसरतं, सलाम केल्यासारखं. क्षणभर थांबतं, पुन्हा तसंच, अशी एकामागून एक माळच लागते. सोबत जागेपणीचं हसणं, बघणं कमी होत जातं. हा फिटचा गंभीर प्रकार आहे आणि उपचाराला उशीर झाला तर मेंदूचं नुकसान होतं. त्याचं पहिलं नीट वर्णन विल्यम वेस्ट या इंग्रज डॉक्टरने १८४१ मध्ये 'लॅन्सेट'ला पाठवलेल्या पत्रात केलं, आणि ते त्याच्या स्वतःच्या मुलाचं होतं. रोज बाळाकडे बघणाऱ्या बापाला जे दिसलं ते त्याने जसंच्या तसं लिहिलं. तुमच्या मुलीचं वर्णन या प्रकाराशी अजिबात जुळत नाही, म्हणून भिऊ नका. पण तुमचं बघणं वाया जात नाही, एवढं लक्षात घ्या.

म्हणून मी आयांना 'काय झालं ते सांगा' म्हणण्यापेक्षा 'काय झालं ते दाखवा' म्हणते. मोबाइलवर व्हिडिओ काढा. दिवा लावा, पांघरूण बाजूला करा, नुसता चेहरा नको, डोक्यापासून पायापर्यंत सगळं बाळ दिसू द्या. दोनेक मिनिटं चालू ठेवा, आणि शेवटी तिला हात लावून उठवा. उठवल्यावर हालचाल थांबते का ते त्यात आलं पाहिजे, डॉक्टरला तेवढ्यावर निम्मं निदान करता येतं. घरच्यांच्या ग्रुपवर टाकू नका, तिथून सल्ले फार येतात.

अडीच महिन्यांची आहे म्हणजे दहाव्या आठवड्याची लस झाली असेल, आता चौदाव्या आठवड्याची येईल. तेव्हा तो व्हिडिओ सोबत न्या आणि उपकेंद्रात किंवा तुमच्या डॉक्टरांना दाखवा, वेगळी चक्कर नको. आशाताई येत असतील तर त्यांनाही दाखवा. त्या लसीच्या रात्री ताप येऊ शकतो, मुलगी जास्त झोपेल किंवा जास्त किरकिर करेल, एखाद-दोन दिवस हलणं-दचकणंही वाढल्यासारखं वाटेल. तापाचं औषध वजनावर किती द्यायचं ते तिथेच लिहून घ्या. सलग तीन तास रडणं थांबलं नाही तर दाखवा. नुसती झोपेत कण्हत असेल, तर शंभरपर्यंत मोजायचं काम त्या रात्रीही तुमच्याकडे.